त्याची नजर कुठे जाते?

आपल्यापैकी कोणाच्याही घरात पाऊल टाका, भिंतीवर माणसेच माणसे दिसतील. तथागत, बाबासाहेब, माता रमाई, जोतीराव-सावित्रीबाई, १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दीक्षा सोहळा, आणि त्यांच्याच शेजारी घरातल्या लग्नांचे, गेलेल्या आजी-आजोबांचे फोटो. देव्हारे गेले आणि त्या जागी माणसे आली. आपल्या मुलांचे पहिले पुस्तक म्हणजे ही भिंत. कडेवरच्या मुलाला आई विचारते, "हे कोण? बाबासाहेब! कर जयभीम." मूल फोटोतल्या चेहऱ्याकडे पाहते, मग वळून आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि हात जोडते. हे इतके सहज घडते की त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटतही नाही.

पण एखादे मूल तसे करीत नाही. तेही फोटोकडे पाहते, अगदी मन लावून पाहते, पण आपण पाहतो तिथे पाहत नाही. अशा मुलांविषयी आपल्या वस्त्यांत दबक्या आवाजात बोलले जाते. मोकळेपणाने बोलावे म्हणून हा लेख.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. आम्ही धामणगाव बढ्याचे. तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा. मुलगा चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी त्याला ऑटिझम आहे असे सांगितले. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. या शब्दाविषयी मला पुढे बोलायचेच आहे. मी अंगणवाडीत काम करते. चित्रांचे तक्ते दाखवून मुलांना बोलते करणे हे माझे रोजचे काम, त्यामुळे मूल चित्र कसे पाहते याकडे माझे लक्ष आपोआप जाते.

आमच्या घरी राजगृहातला एक फोटो आहे. तो पुष्कळांकडे असेल. फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, बाबासाहेबांच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी आहे. हा फोटो पाहताना माझी नजर नेहमी रमाईच्या चेहऱ्यावर जाते. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. म्हणजे फोटो काढला तेव्हा त्यांना सव्वा वर्षच उरले होते. हे ठाऊक असल्यावर दुसरीकडे कुठे पाहणार? भाच्याची नजर आधी टॉबीवर जाते. तिथे ती बराच वेळ थांबते. मग ती फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात जाते. तिथे काचेआड एक मेलेली मुंगी अडकलेली आहे. तो फोटो आमच्या घरात माझ्या लग्नाआधीपासून आहे. ती मुंगी मला एकदाही दिसली नव्हती.

पाहुणे आले की हे सारे त्यांच्या ध्यानात येते. पोरगे नाव घेतल्यावर वळत नाही, बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत नाही. "काहून वं बाई, मान वर करून पाह्यत नाही थो?" असे वहिनीला विचारतात. कोणी दर्गा सांगतो, कोणी देवऋषी सांगतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात येऊन हे सांगायला त्यांना संकोच वाटत नाही, याचे मला नवल वाटते. असो.

आता डोळा पाहतो कसा ते थोडे सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. साधारण तेवढ्याच जागेत आपल्याला अगदी स्पष्ट दिसते. बाकीचे सारे धूसर असते, पण डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारीत फिरत राहतो, आणि मेंदू ते तुकडे जोडून सबंध चित्र उभे करतो. म्हणजे समोर फोटो एकच असला, तरी कोणाचा डोळा कुठे थांबला यावर प्रत्येकाने पाहिलेला फोटो वेगळा होतो. डोळ्यावर अदृश्य असा अवरक्त प्रकाश टाकून कॅमेऱ्याने या उड्या टिपता येतात. मग संगणक चित्रावरच ठिपके आणि रेघा काढून दाखवतो, की हा माणूस आधी इथे थांबला, मग तिथे गेला.

कॅमेऱ्याची ही सोय नव्हती त्या काळात रशियातले शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी हे काम केले. ते डोळ्यावर चिकटणारी एक बारीकशी टोपी बसवीत. वाचूनच डोळ्यांत पाणी येते! त्यांनी लोकांना इल्या रेपिन यांचे एक प्रसिद्ध चित्र दाखवले. राजकीय कारणाने हद्दपार झालेला माणूस अचानक घरी परततो, आई खुर्चीतून उठते आहे, मुले बघताहेत, असे ते चित्र. यार्बुस एकाच माणसाला तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवत आणि दर वेळी प्रश्न बदलत. या कुटुंबाची आर्थिक स्थिती कशी आहे? माणसांची वये किती असतील? हा माणूस किती दिवसांनी घरी आला असेल? प्रश्न बदलला की डोळ्यांची वाट बदले. वय विचारले की नजर चेहऱ्यांवर जाई, परिस्थिती विचारली की सामानावर आणि कपड्यांवर फिरे. त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आले आणि जगभर गाजले.

ऑटिझम असलेल्यांच्या नजरेवर गाजलेला अभ्यास २००२ सालचा आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अमी क्लिन, वॉरन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या १५ तरुण-किशोर मुलांना आणि ऑटिझम नसलेल्या १५ जणांना एका जुन्या इंग्रजी चित्रपटातले प्रसंग दाखवले. चार माणसे एका खोलीत, भांडणे, टोमणे, चोरट्या नजरा. ऑटिझम नसलेले प्रेक्षक बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत, मग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत. दुसऱ्या गटाची नजर डोळ्यांवर त्या मानाने फार कमी थांबली. ती तोंडावर, अंगावर आणि खोलीतल्या वस्तूंवर जास्त राहिली. त्यातही मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की ज्यांची नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर जास्त होती, त्यांचे लोकांत वावरणे त्यांच्यातल्या इतरांपेक्षा बरे होते. म्हणजे तोंडाकडे पाहणे हा दोष म्हणता येणार नाही. डोळ्यांतून जे कळत नाही ते ओठांतून, शब्दांतून मिळवण्याची ती त्यांनी काढलेली वाट असावी, असे मला वाटते. आमचा मुलगाही बोलणाऱ्याच्या ओठांकडेच पाहतो. हे वाचल्यापासून वहिनी त्याच्याशी बोलताना तोंडावरचा पदर बाजूला घेते.

त्याच चित्रपटातला आणखी एक प्रसंग. एक तरुण भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवतो आणि हे कोणी काढले, असे विचारतो. खोलीत चित्रे एकाहून जास्त आहेत. ऑटिझम नसलेल्या प्रेक्षकाची नजर बोटाच्या दिशेने थेट नेमक्या चित्रावर गेली. ऑटिझम असलेल्याची नजर बोटामागे गेली नाही. शब्द कानावर पडल्यावर ती हलली, आणि मग कोणते चित्र ते शोधत एकावरून दुसऱ्यावर फिरली.

हे समजले तेव्हा आमच्या घरातली रोजची एक कटकट संपली. घरात आपण अर्धे बोलणे बोटाने आणि डोळ्यांनीच करतो ना? "ते आण", "तिकडं ठेव", "पाय तिथं". मुलगा हलत नसे, मग आवाज चढे. आता आम्ही वस्तूचे नाव घेतो. "फडताळातला निळ्या झाकणाचा डबा आण" म्हटले की तो उठून आणतो. फोटोपुढेही तसेच. नुसते "पाय बरं" म्हटले की मुंगी. "चष्मा कोणी घातला आहे?" म्हटले की बोट बाबासाहेबांवर. "माणसं किती?" म्हटले की "पाच मानसं, एक कुत्रा." यार्बुस यांची युक्ती धामणगावातही चालते!

इथे एक सांगणे भाग आहे, नाहीतर कोणी आपल्या मुलाचा डोळा बघून घरीच निदान करायचा. ऑटिझम असलेली सगळी माणसे एकाच पद्धतीने पाहत नाहीत. अभ्यासात येते ती सरासरी. एकटाच चेहरा, स्थिर फोटो, मागे काही नाही, अशा चित्रात फरक फार थोडा पडतो. चित्रात माणसे वाढली, एकमेकांशी बोलू लागली, आजूबाजूला वस्तू आल्या, की फरक वाढतो. २०१५ मध्ये एका अभ्यासात ७०० साधी छायाचित्रे दाखवली होती. तिथे आढळले की ऑटिझम असलेल्यांची नजर चित्राच्या मध्यभागाकडे आणि उठून दिसणाऱ्या रंग-उजेडाकडे अधिक ओढली जाते. चेहऱ्यांकडे, आणि चित्रातली माणसे जिकडे पाहत आहेत तिकडे, ती कमी जाते. लग्नातले आमचे समूह-फोटो त्याला का आवडत नाहीत आणि तान्ह्या बाळाचा एकटीचा फोटो का आवडतो, हे मला त्यावरून थोडे उमगले.

आता दादांविषयी. दादा म्हणजे माझे वडील. सारी हयात दुसऱ्याच्या शेतात राबले. त्यांच्या लहानपणी वडीलधाऱ्यांबरोबर मोठ्या वाड्यावर जायचे तर नजर जमिनीवर ठेवावी लागे. त्यांच्या आजोबांनी तर जोहार घातलेला. बाबासाहेबांनी हे थांबवायला शिकवले, आणि दादांनी आम्हां भावंडांना काय शिकवले असेल तर एकच, नजरेला नजर देऊन बोलायचे. दुकानदार असो, तलाठी असो, मास्तर असो. मुलगी म्हणून मला त्यातून सूट नव्हती. याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. अशा माणसाच्या घरात खाली पाहणारा नातू आला! दादा रोज संध्याकाळी त्याला समोर बसवीत, हनुवटी धरून चेहरा वर करीत. "मायाकडं पाय. डोळ्यात पाय." मुलगा डोळे मिटून घ्यायचा, कधी किंचाळायचा. दादांच्या हाताला राग नव्हता, भीती होती. ती कशाची ते मला कळत होते.

२०१७ मध्ये नुशीन हाजीखानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास मी दादांना समजावून सांगितला. ऑटिझम असलेल्यांना चेहऱ्याच्या चित्रात डोळ्यांच्याच भागाकडे पाहायला लावले, तेव्हा मेंदूच्या आतल्या, भीती आणि सावधपणाशी संबंधित भागांत नेहमीपेक्षा जास्त खळबळ दिसली. डोळ्यांत पाहणे फार तीव्र वाटते, असे ऑटिझम असलेली अनेक माणसे स्वतःही सांगतात. म्हणजे मूल तुम्हांला टाळत नाही, तुमच्या डोळ्यांचा प्रखर उजेड टाळते. डोक्यावरच्या उन्हाकडे कोण टक लावून बघेल? दादांनी ऐकून घेतले. हनुवटी धरणे त्या दिवसापासून बंद झाले. पण वाद मिटला नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे अजिंठ्याला गेलो. आमच्याकडून एका दिवसात जाऊन येता येते. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून तिथल्या बसने वर जायचे. गर्दीला मुलगा भितो म्हणून सकाळी लवकर गेलो. सतराव्या लेण्यात तथागत कपिलवस्तूला परत आले आहेत, समोर यशोधरा आणि राहुल उभे आहेत, असे चित्र आहे. आम्ही बायका राहुलचा वर वळलेला चेहरा बघून गप्प झालो. सात वर्षांच्या मुलाने बापाला प्रथमच पाहावे, यातले दुःख आणि मोठेपण दोन्ही त्या भिंतीवर आहे. भाचा म्हणाला, "बुद्ध मोठ्ठे हायेत. आई लहान हाय. पोरगं लय लहान हाय." मग मी परत नीट पाहिले. चित्रकाराने तथागतांना त्या दोघांच्या कितीतरी पट उंच रंगवले आहे. चेहरे बघण्याच्या नादात माप माझ्या नजरेतून सुटले होते. चित्राचा अर्थ तर मापातही आहे!

पहिल्या लेण्यात पद्मपाणि बोधिसत्त्व आहेत. हातात कमळ, किंचित कललेली मान, आणि अर्धे मिटलेले, खाली झुकलेले डोळे. हे डोळे पाहायला जगभरातून माणसे येतात. ते कोणाच्याही डोळ्यांत पाहत नाहीत. विहारातल्या आपल्या बुद्धमूर्तीही बहुतेक अशाच असतात. मी दादांना हळूच म्हटले, "बघा, हेही खालीच पाहतात." दादा पटकन म्हणाले, "ते बोधिसत्त्व हायेत. त्याइले कोनी दरडावनार हाय काय? याले दरडावतीन. आपल्या पोरानं नजर खाली घातली की लोक म्हनतात, चोर हाय, नाही तं दबला. तुया अभ्यासात हे लिवलं हाय काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण नजरेचा अर्थ कोण लावतो, हा प्रश्न त्या यंत्रात येत नाही. असले बरेचसे अभ्यास अमेरिका-युरोपातल्या प्रयोगशाळांत झालेले आहेत. तिथे डोळ्यांत न पाहणाऱ्या माणसाला विचित्र म्हणत असतील. इथे तेच करणारा मुलगा एका आडनावाचा असला तर लाजाळू ठरतो आणि दुसऱ्या आडनावाचा असला तर अपराधी. आणि मुलगी असली तर? खाली पाहणाऱ्या मुलीला आपणच "गुणाची, मर्यादशील" म्हणतो. अशा किती मुलींकडे आपण डोळेझाक केली असेल, असे अंगणवाडीत बसून माझ्या मनात येते.

म्हणूनच "स्वमग्न" हा शब्द मला पटत नाही. तो इंग्रजी शब्दावरून आला, आणि इंग्रजी शब्द "स्वतः" अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन केले, तेव्हापासून तो या अवस्थेला चिकटला. स्वतःत मग्न असलेल्याला फ्रेममधली मुंगी दिसेल का? हा मुलगा बाहेरच पाहतो, आपल्यापेक्षा बारकाईने पाहतो. फक्त आपल्याला अपेक्षित असलेल्या क्रमाने पाहत नाही. धम्माचे एक लक्षण आपण रोज वंदनेत म्हणतो, एहिपस्सिको, ये आणि पाहा. कुठून पाहायला सुरुवात करायची, याची अट त्यात नाही.

आपल्या देशातही आता या दिशेने काम होते आहे, आणि ते वाचून मला आनंद झाला. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने इतर संस्थांबरोबर 'स्टार्ट' नावाचा प्रकल्प केला. दिल्ली परिसरातल्या साध्या घरांत जाऊन, तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी लहान मुलांच्या हातात टॅब्लेट दिला. त्यावर काही खेळ होते. एका भागात एका बाजूला माणसांची चित्रफीत आणि दुसऱ्या बाजूला फिरणाऱ्या आकृत्या दाखवीत, आणि मूल कुठे पाहते ते टॅब्लेटचाच कॅमेरा टिपे. ऑटिझमची शंका असलेली मुले लवकर ओळखता यावीत हा हेतू. निदान मात्र तज्ज्ञच करतात. अशी साधने उद्या आमच्यासारख्यांच्या हातात आली तर खेड्यातल्या आयांचे हेलपाटे वाचतील. सध्या आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासायची असतात. भगिनींनो, पथक येईल त्या दिवशी मुलाला कामावर किंवा पाहुण्याकडे नेऊ नका. मनातली शंका त्यांच्यापुढे बोलून दाखवा.

कायद्याचेही सांगते. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असले, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० मुद्दे आहेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही, ७० पासून वर सौम्य, १०७ पासून मध्यम, १५३ च्या वर तीव्र. आणि त्या चाळिसांतला अगदी पहिला मुद्दा कोणता? मूल नजरेला नजर देते का!

आमच्या मुलाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. पहिल्या मुद्द्याला गुण किती मिळतील ते आम्हांला ठाऊक आहे, आणि प्रमाणपत्र हवे आहे म्हणून त्याचे वाईटही वाटत नाही. पण दादांचे म्हणणे असे, की साहेबांनी नुसता आकडा लिहू नये, पोरगं काय पाहते तेही लिहावे. साहेब लिहोत न लिहोत, वहिनीने वहीच्या दोन पानांवर ते लिहून काढले आहे. भाकरी थापताना माझ्या हातांकडे पाहतो. बोलताना ओठांकडे पाहतो. शाळेतल्या तक्त्यात रंग उडालेला असेल तर आधी तिथे पाहतो. मलकापूर स्टेशनवर गाडीची चाके पाहतो, डबे मोजतो, चुकत नाही. बहिणीच्या चेहऱ्याकडे ती झोक्यावर असताना पाहतो. आजोबा दुपारी झोपले की त्यांच्याजवळ जाऊन बसतो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे खूप वेळ पाहत राहतो.

शेवटची ओळ लिहायला दादांनीच सांगितली. त्यांना हे कसे कळले, असे वहिनीने विचारले, तेव्हा म्हणाले, "म्या झोपेचं सोंग घेतलं होतं."